ताप आला, तो कशासाठी?

जुलै उजाडला की मुंबई-पुण्यातल्या दवाखान्यांबाहेरची बाके भरू लागतात. अंगात कणकण, कपाळाला बाम आणि खिशात अगोदरच घेऊन झालेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी, असे रुग्ण एकामागोमाग आत जातात. डॉक्टर जीभ पाहतात, नाडी पाहतात. हिवताप, डेंगी की साधा विषाणूजन्य ताप याचा अंदाज बांधून रक्ताची तपासणी लिहून देतात. ताप कशामुळे आला हे प्रत्येकाला जाणून घ्यायचे असते. जंतू शरीरात शिरल्यावर शरीर मुळात तापतेच कशासाठी, हा प्रश्न मात्र त्या रांगेत सहसा कोणाला पडत नाही.

तो प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जंतू काही शरीराला शेगडीवर ठेवत नाहीत. मेंदूतील तापमानाचे नियंत्रण करणारे केंद्रच पारा वर सरकवते, आणि तो वर जावा म्हणून शरीराला हुडहुडी भरते, त्वचेकडील रक्तवाहिन्या आकसतात, माणूस पांघरूण ओढून घेतो. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढवायला शरीराला सुमारे १० ते १३ टक्के जास्त ऊर्जा जाळावी लागते. भूक मेलेली असताना, अंगात त्राण नसताना शरीर एवढा खर्च का करते? ज्या व्यवस्थेने डोळ्याचे भिंग आणि हृदयाच्या झडपा घडवल्या, तिच्या हातून ही उधळपट्टी लाखो वर्षे सुटली असेल, असे मानणे कठीण आहे.

रोग 'कसा' होतो हे शोधण्यात आधुनिक वैद्यकाने अफाट मजल मारली. तो होण्याची शक्यता शरीरात 'का' राहिली, हा प्रश्न मात्र फार काळ जीवशास्त्रज्ञांच्या ओसरीवरच बसून होता. १९९१ साली जॉर्ज विल्यम्स हे उत्क्रांतीचे अभ्यासक आणि मिशिगन विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी यांनी 'क्वार्टर्ली रिव्ह्यू ऑफ बायॉलॉजी' या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहून त्याला घरात आणले. तीन वर्षांनी, १९९४ मध्ये, त्यांचे 'व्हाय वुई गेट सिक' हे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे असे की, नैसर्गिक निवडीला माणसाच्या आरोग्याशी वा सुखाशी थेट देणेघेणे नसते. ती फक्त पुढच्या पिढीत कोणाची किती संतती उरली याचा हिशेब ठेवते. त्या हिशेबात कधी आरोग्य जमेच्या बाजूला येते, कधी खर्चाच्या. शिवाय आपण ज्याला सरसकट 'आजार' म्हणतो त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. हाड मोडणे, फुप्फुस सुजणे ही हानी. ताप, खोकला, ओकारी, वेदना ही बहुतेक वेळा त्या हानीविरुद्ध शरीराने उभारलेली फळी. दोन्हींचा त्रास सारखाच होतो, म्हणून माणूस दोन्हींना शत्रू समजतो.

सरड्याचा ताप

तापाविषयीचा सर्वांत बोलका पुरावा माणसाकडून नव्हे, वाळवंटातील सरड्यांकडून मिळाला. मिशिगन विद्यापीठातील मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेतील वाळवंटी इग्वानांवर प्रयोग केले. सरडा हा शीतरक्ताचा प्राणी. त्याला आपल्यासारखी आतली भट्टी नाही. ऊब हवी असेल तर तो उन्हात जाऊन बसतो, नको असेल तर सावलीत सरकतो. क्लुगर यांच्या गटाने एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला थंड अशी पेटी तयार केली. जिवाणूंची लागण केलेले सरडे निरोगी सरड्यांपेक्षा अधिक उबेच्या जागी जाऊन बसले. थोडक्यात, अंगात ताप निर्माण करता येत नाही म्हणून त्यांनी तो बाहेरून मिळवला.

पुढचा प्रयोग अधिक निर्दय होता. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लागण झालेल्या सरड्यांना ३४ ते ४२ अंश अशा वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत कोंडून ठेवले गेले. ४२ अंशांतील बहुतेक सरडे आठवडाभरानंतरही जिवंत होते. ३४ अंशांतील मात्र सगळे मेले. पुढच्या वर्षी त्यांनी लागण झालेल्या सरड्यांना ॲस्पिरिनच्या कुळातील ताप उतरवणारे औषध दिले. औषधामुळे ज्यांना ताप चढवता आला नाही ते दगावले. तोपर्यंत ताप हा रोगाचा उपद्रव आहे की शरीराचे हत्यार, यावर नुसताच वाद होत असे. आता निदान एका प्राण्यात तरी उत्तर हाती आले. मासे, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी या सर्वांत तापासारखी प्रतिक्रिया आढळते. ती ६० कोटी वर्षांहून जुनी असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

माणसांतही काही खुणा सापडल्या. कांजिण्या झालेल्या मुलांना पॅरासिटामॉल दिल्यावर फोडांवर पूर्ण खपली धरायला सुमारे एक दिवस जास्त लागतो, असे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. त्याही आधी, व्हिएन्नातील मनोविकारतज्ज्ञ युलियस वॅग्नर-याउरेग यांनी मेंदूपर्यंत पोहोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण करून तापाने उपदंशाला हरवण्याचा अघोरी मार्ग काढला होता. काही रुग्ण त्यातच गेले, अनेक बरे झाले, आणि १९२७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पेनिसिलिन आले आणि हा उपचार इतिहासजमा झाला.

एवढे वाचून घरातील पॅरासिटामॉलची पट्टी खिडकीबाहेर भिरकावण्याचा मोह होणाऱ्यांनी मात्र थोडे थांबावे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांत जंतुसंसर्ग व ताप असलेल्या ७०० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना पॅरासिटामॉल दिले, निम्म्यांना दिले नाही. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, अतिदक्षता विभागाबाहेर काढलेल्या दिवसांतही नाही. ताप जर एवढे मोलाचे हत्यार असेल, तर ते काढून घेतल्याने काहीच कसे बिघडले नाही?

नेसी यांनी या कोड्याचे जे उत्तर दिले ते या साऱ्या विषयातील कदाचित सर्वांत उपयुक्त कल्पना आहे. धुराचा इशारा देणारा भोंगा आठवावा. किंवा खेड्यातल्या माणसाला विचारले तर तो राखणीचा कुत्रा सांगेल. पान हलले तरी कुत्रा भुंकतो. शंभरातल्या नव्याण्णव वेळा बाहेर कोणी नसते. तरीही घरधनी त्याला हाकलून देत नाही, कारण शंभराव्या वेळी बाहेर चोर असतो आणि नव्याण्णव वेळा झोपमोड झाल्याचा तोटा एका चोरीपुढे क्षुल्लक असतो. शरीराचे पहारेही असेच नेमलेले आहेत. गरज नसताना ताप चढवण्याची, ओकारी काढण्याची, छातीत धडधड सुरू करण्याची किंमत थोडी. गरज असताना तसे न करण्याची किंमत कदाचित प्राणच. म्हणून शरीर गरजेपेक्षा पुष्कळ जास्त वेळा आणि पुष्कळ जोराने भुंकते. यातून दोन गोष्टी एकदमच स्पष्ट होतात. औषधाने लक्षण दाबले तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही, कारण बहुतेक वेळा तो पोकळ इशाराच असतो. शिवाय आपल्याकडे जीवरक्षक औषधे आणि सलाइनही असतात. मात्र लक्षण दाबणे नेहमीच निर्धोक असते, असा याचा अर्थ नाही. शस्त्रक्रियेनंतर दुखते म्हणून खोकला आवरून धरणाऱ्या रुग्णाला फुप्फुसाचा दाह होण्याचा धोका असतो आणि परिचारिका त्याला पोटाशी उशी धरून खोकायला लावते, ते याचसाठी.

घाबरण्याविषयीही नेसी यांचा तर्क हाच आहे. गर्दीच्या लोकलमध्ये अकारण छाती धडधडू लागणे, घाम फुटणे, पळून जावेसे वाटणे हा यंत्रातला बिघाड नसून यंत्र अतिसंवेदनशील असल्याची खूण आहे, असे ते मानतात. हे ऐकून रुग्णाची धडधड थांबत नाही. आपण वेडे होत चाललो आहोत ही भीती मात्र अनेकदा ओसरते. मनोविकाराच्या दवाखान्यात हेही थोडके नव्हे.

लोह, जुलाब आणि डोहाळे

संसर्ग झाल्यावर शरीर आणखी एक गोष्ट गुपचूप करते. ते रक्तातील लोह दडवून ठेवते. जिवाणूंना वाढीसाठी लोह लागते. शत्रूच्या वाटेवरची कोठारे रिकामी करण्याचा हा डाव जुना आहे. यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातून लोह शोषले जाणे रोखते आणि साठ्यातले लोह बाहेर येऊ देत नाही. आईच्या दुधात आणि अंड्याच्या पांढऱ्या भागातही लोहाला घट्ट धरून ठेवणारी प्रथिने असतात, तीही जंतूंच्या हाती ते लागू नये म्हणून. जुनाट संसर्ग असलेल्या रुग्णाचे रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी दिसते, आणि पाहणाऱ्याला तो साधा रक्तक्षय वाटतो.

या गोष्टीचे गांभीर्य २००६ साली जगापुढे आले. टांझानियातील झांझिबारजवळच्या पेंबा बेटावर, जिथे हिवतापाचा जोर बारमाही होता, लहान मुलांना सरसकट लोह आणि फोलिक ॲसिड देण्याची मोठी चाचणी सुनील साझावाल आणि सहकाऱ्यांनी केली होती. हेतू अर्थातच चांगला होता. पण लोह घेणाऱ्या मुलांत गंभीर आजाराने रुग्णालयात दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण १२ टक्क्यांनी जास्त आढळले आणि त्या मुलांना लोह देणे थांबवावे लागले. गंमत अशी की, ज्या मुलांत खरोखर लोहाची कमतरता होती त्यांना मात्र त्याच गोळ्यांचा लाभ झाल्याचे उपअभ्यासात दिसले. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशात लोह द्यायचे तर हिवतापाला आळा घालण्याच्या उपायांची जोड हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. ज्यांच्या अंगात लोह खरेच अपुरे आहे त्यांना लोहाच्या गोळ्यांची निकड आहे, त्याबद्दल वाद नाही. मुद्दा इतकाच, की रक्तातील प्रत्येक कमी आकडा ही उणीवच असते असे नाही. कधीकधी ती नाकेबंदी असते.

जुलाबाची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिथे फायदा नेमका कोणाचा हे आधी ठरवावे लागते. १९७३ साली अमेरिकेत शिगेला या जिवाणूमुळे हगवण लागलेल्या स्वयंसेवकांना आतड्याची हालचाल मंदावणारे औषध दिले गेले, तेव्हा त्यांचा ताप उलट अधिक काळ रेंगाळला. घाण बाहेर टाकण्याचे काम शरीर करत होते आणि औषधाने दार बंद केले होते. पटकीचे तसे नाही. पटकीच्या जिवाणूचे विष आतड्याच्या पेशींना पाणी ओतायला भाग पाडते. मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते. हा बचाव नसून जिवाणूने शरीराच्याच नळाची तोटी फिरवून आपल्या प्रसाराची केलेली सोय आहे. दोन्ही ठिकाणी लक्षण एकच, सूत्रधार वेगळे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी पिंपांतून वाटले. जुलाब थांबवण्याच्या फंदात न पडता त्यांनी फक्त गेलेले पाणी भरून काढले. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आले. आज घरोघरी ठाऊक असलेल्या जलसंजीवनीवर विश्वास बसला तो या छावणीत. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते मरणोत्तर, २०२३ साली.

गरोदरपणात सकाळी मळमळणे, फोडणीच्या वासाने ओकारी येणे, एरवी आवडणारे मटण-मासे नकोसे होणे याला आपल्याकडे डोहाळ्यांच्या कौतुकाची झालर आहे. अमेरिकेतील सॅम्युअल फ्लॅक्समन आणि पॉल शर्मन यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले की, ही मळमळ गर्भाचे अवयव घडत असतात त्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते, आणि ज्यांना ती होते त्यांच्यात गर्भपाताचे प्रमाण कमी असते. कुजके मांस, कडू वनस्पती यांतील विषांपासून गर्भाला दूर ठेवण्यासाठी हा पहारा असावा, असा त्यांचा निष्कर्ष. याच मळमळीवरील उतारा म्हणून पन्नाशीच्या दशकाअखेर युरोपात थॅलिडोमाइड दिले गेले आणि हात-पाय खुंटलेली हजारो मुले जन्माला आली, हा योगायोग अंगावर काटा आणणारा आहे. तरीही सावध राहायला हवे. गर्भाच्या नाळेतून आईच्या रक्तात येणारे जीडीएफ १५ नावाचे संप्रेरक या मळमळीमागे आहे आणि गरोदरपणापूर्वी ज्या स्त्रियांत ते कमी असते त्यांना त्याचा जबर त्रास होतो, हे २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. पाण्याचा घोटही पोटात न ठरणाऱ्या गरोदर स्त्रीला 'हे बाळाच्या भल्यासाठीच आहे' असे सांगून घरी बसवणे हा निव्वळ अडाणीपणा ठरेल.

गडचिरोलीचे ओझे

बचाव आणि त्याची किंमत यांचे सर्वांत कठोर उदाहरण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला रोज पाहायला मिळते. सिकलसेल या आजारात तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या पात्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य कळा उठतात. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकाच अक्षराची ही चूक. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच पूर्ण आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस वाहक राहतो आणि बहुधा ठणठणीत असतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्यात आजाराची शक्यता चारात एक.

असा घातक जनुक नैसर्गिक निवडीने केव्हाच पुसून टाकायला हवा होता. मग तो टिकला कसा? पुढे भारताचे नागरिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला देह ठेवलेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्येच थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराविषयी बोलताना सुचवले होते की, असे जनुक हिवतापापासून वाचवत असावे. त्याच वर्षी केनियात वाढलेला अँथनी ॲलिसन हा वैद्यकाचा तरुण विद्यार्थी तिथल्या जमातींचे रक्त गोळा करत होता. समुद्रकिनाऱ्यालगत आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी, जिथे डास आणि हिवताप भरपूर, तिथे सिकलसेलचे वाहक शंभरात वीस ते तीस. उंच, थंड डोंगराळ भागात एकाहूनही कमी. १९५४ मध्ये त्याने पुराव्यानिशी सिद्ध केले की वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते. गंभीर हिवतापाविरुद्धचे हे संरक्षण सुमारे ९० टक्के असल्याचे नंतरच्या अभ्यासांत आढळले. वाहक मुले हिवतापातून वाचली, मोठी झाली, त्यांना मुले झाली. त्या वाचण्याची किंमत दोन वाहकांच्या पोटी जन्मलेल्या चारातल्या एका मुलाने मोजली. हिशेब समाजाच्या पातळीवर जुळतो; ज्या घरात ते एक मूल असते, तिथे तो कधीच जुळत नाही.

भारतात हा आजार १९५२ मध्ये प्रथम निलगिरीच्या परिसरात नोंदला गेला. महाराष्ट्रात विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून उत्तरेकडे नंदुरबार-धुळ्यापर्यंत गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत आणि त्यांच्या शेजारच्या इतर समाजांतही तो आढळतो. गडचिरोली हा हिवतापासाठी राज्यात सर्वाधिक कुप्रसिद्ध जिल्हा असावा, हा काही निव्वळ योगायोग नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन हे तिचे लक्ष्य. तपासणीनंतर प्रत्येकाला कार्ड मिळते आणि विवाह ठरवताना ती कार्डे ताडून पाहावीत अशी अपेक्षा असते. पत्रिका जुळवणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी नाही. अडचण वेगळीच आहे. कार्डावर 'वाहक' असा शब्द आला की मुलीचे लग्न मोडते, आणि मग घरचे कार्डच दडवतात. वाहक असणे हा रोग नव्हे, किंबहुना ज्या पूर्वजांनी रानातला हिवताप पचवला त्यांचा हा वारसा आहे, हे त्या मुलीच्या घरी जाऊन सांगण्यासाठी तरी उत्क्रांतीची ही गोष्ट गावोगावी पोहोचायला हवी.

पुण्याचे बाळ

मधुमेहाचे कोडे सुटलेले नाही, पण ते सोडवण्याच्या खटपटीत पुण्याचा वाटा मोठा आहे. १९६२ मध्ये अमेरिकी जनुकतज्ज्ञ जेम्स नील यांनी 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली. दुष्काळाच्या दिवसांत जे शरीर मिळेल तो घास चरबीत साठवून ठेवी ते तगले. आता तेच शरीर रोजच्या भरल्या ताटापुढे बसले आहे. कल्पना आकर्षक होती, पण असे ठळक जनुक शोधूनही फारसे हाती लागले नाहीत आणि स्वतः नील यांनीही पुढे तिच्यात बदल केले. १९९२ मध्ये निकोलस हेल्स आणि डेव्हिड बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी बोट दुसरीकडे वळवले: काटकसर जनुकांत नसून आईच्या पोटात शिकली जाते. गर्भाला अन्न कमी पडले की तो बाहेरचे जगही असेच उपाशी असणार असे गृहीत धरून शरीराची जुळणी करतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा सुरू केला. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे पावणेतीन किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. या किरकोळ बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी झालेली नव्हती. दिसायला कृश, आतून स्थूल. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी आपलेच छायाचित्र छापले. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावर भरवसा ठेवणाऱ्या सडपातळ भारतीयांनी हे छायाचित्र एकदा जरूर पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत.

पुण्यातल्याच मिलिंद वाटवे यांनी याहून वेगळी वाट धरली. याज्ञिक यांच्यासह २००७ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात आणि २०१२ च्या 'डव्ज, डिप्लोमॅट्स अँड डायबिटिस' या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, इन्सुलिनला दाद न देणे ही शरीराची चूक नसून जीवनशैलीतील बदलाला दिलेले उत्तर असावे. अंगबळावर जगणारा प्राणी साखर स्नायूंना देतो. डोक्याने जगणारा ती मेंदूकडे वळवतो. सैनिकाचा मुत्सद्दी झाला, आणि आता तो मुत्सद्दी दिवसभर खुर्चीतून उठतच नाही. ही मांडणी सर्वमान्य नाही. परंतु साखर केवळ खाण्याने नव्हे तर धावपळ, झटापट, अंगमेहनत यांच्या अभावाने बिघडते, हा तिचा रोख दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

कल्पनेचे घोडे कोठे आवरायचे, हाच या शास्त्रापुढचा खरा प्रश्न आहे. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १९०२ मध्ये 'जस्ट सो स्टोरीज' लिहिल्या. त्यात हत्तीला सोंड का, उंटाला मदार का, याची मजेदार कारणे रचलेली आहेत. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवोन्टिन यांनी १९७९ मध्ये उत्क्रांतिवाद्यांना जो टोला हाणला तो नेमका हाच: प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी हेतू असलाच पाहिजे असे धरून तुम्ही कहाण्या रचता. आक्षेप रास्त आहे. शरीरात निव्वळ अपघातही पुष्कळ आहेत. अन्ननलिका आणि श्वासनलिका घशात एकमेकींना छेदतात ही कोणतीही हुशारी नसून माशासारख्या पूर्वजाकडून आलेली जुनी वायरिंग आहे. घास चुकला, ठसका लागला आणि घरातले कोणी 'वर बघ, वर बघ' म्हणू लागले की तिची आठवण होते. चार पायांच्या सांगाड्याला दोन पायांवर उभे केल्याचा दंड कंबर भरते. त्यामुळे सरड्यांची पेटी, ॲलिसनचे रक्तनमुने, पेंबाची चाचणी यांसारखी कसोटी ज्या कल्पनेने पार केली तिलाच शास्त्र म्हणावे. नैराश्य, स्किझोफ्रेनिया यांच्याविषयीच्या अनेक डौलदार सिद्धान्तांना ती अजून द्यायची आहे. आपल्याकडे तर कसोटीची तालीम जिथे व्हायची तिथलीच पाने कमी झाली. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. पुढे विज्ञान शाखा न घेणाऱ्या मुलांची डार्विनशी शाळेतली भेट त्यामुळे हुकते.

दरम्यान दवाखान्याबाहेरची रांग काही कमी झालेली नाही. मोठ्या माणसाला साधा ताप असेल, तो पाणी पीत असेल आणि त्याला फार त्रास होत नसेल, तर काट्यावरचा आकडा खाली आणण्यासाठी धडपडण्याची गरज नसते. पॅरासिटामॉल द्यायचे ते अंगदुखी कमी व्हावी, झोप लागावी म्हणून. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. पावसाळ्यात डेंगीची शंका असेल तर ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनला हात लावू नये, रक्तस्राव वाढतो. आणखी एक गोष्ट अनेक घरांत माहीत नसते. डेंगीचा ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमके तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागण्याचा धोका सुरू होतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून गेल्यासारखी झोप यांपैकी काही दिसले, तर ताप नसला तरी रुग्णाला तातडीने रुग्णालयात हलवावे लागते. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास हेच डोळ्यांत तेल घालून पाहण्याचे असतात.